टीव्ही सुधरला की कळवते

टीव्हीचं चित्र गेलं तेव्हा मालिकेतली सासू सुनेला तिच्या माहेरावरून बोलत होती. पडदा एकदम काळा झाला, सासू मात्र बोलतच राहिली. ताई नेहमीच्या जागी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या आणि पदराच्या गाठीतले फुटाणे खात होत्या. त्या म्हणाल्या, "लाइट गेली वाटते." आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता, ट्यूब लख्ख पेटलेली होती. मी म्हटलं, "लाइट गेली असती तर हिची टकळीही बंद झाली असती, ताई." दोघीही हसलो. मग काळ्या पडद्यासमोर बसून आम्ही तो सगळा भाग नुसता ऐकला, आणि कोण कुठल्या खोलीत रडतंय याचे अंदाज बांधले.

ताई माझ्या नात्यातल्या नव्हेत. बुलढाण्यात माझ्या घराला लागून मागे दुसऱ्यांचं घर आहे, त्याच्या परसातली एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या. मुलींच्या वसतिगृहात त्यांनी जन्मभर पोळ्या लाटल्या आणि गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. लग्न झालेलं नव्हतं. मीही एकटीच. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. सहा वर्षांपूर्वी एकदा त्या दाराशी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडं थे सिरियल लागते का?" तेव्हापासून रोज दिवेलागण झाली की सातला माझ्या दाराची कडी वाजायची. साडेआठला त्या उठायच्या.

मालिकेचं मला कधी फार कौतुक नव्हतं. त्या बायका झोपतानाही दागिने काढत नाहीत हे बघून माझा जीव उगाच त्रासायचा. पण दिवसभरात माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज व्हायचा तो तेवढाच. दुपारी चारपासूनच मी घड्याळाकडे बघायला लागायचे, आणि हे मी कुणाला सांगितलं नसतं.

त्या दिवशी उठताना ताई म्हणाल्या, "बरं, येते उद्या." मी म्हटलं, "उद्या राहू द्या. टीव्ही सुधरला की कळवते."

हे मी का म्हटलं ते आता नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. एक तर त्यांचे गुडघे दुखायचे, त्यांना उगाच खेप नको असं वाटलं. दुसरं म्हणजे टीव्ही नसेल तर आपण दीड तास बोलायचं काय, ही मला भीती वाटली. सहा वर्षांत आम्ही समोरच्या बायकांबद्दलच बोललो होतो. आणि तिसरं, ते वाक्य माझ्या जिभेवरच बसलेलं आहे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या काळात दिवसातून शंभर वेळा तरी म्हणायचे, "लाइन लागली की कळवते." आणि मी कळवायचे. दोन तास लागोत की चार, लग्नाचा निरोप असो की मयतीचा, कळवल्याशिवाय मी कानावरचा हेडफोन उतरवला नाही.

दुसऱ्या दिवशी चिखली रोडवरच्या मेकॅनिकला बोलावलं. तो आला, उभ्या उभ्याच टीव्ही चालू केला, मोबाइलची बॅटरी पडद्याला लावून धरली आणि मला म्हणाला, "या, पाहा." मी डोळे बारीक करून पाहिलं. बॅटरीच्या उजेडाएवढ्या गोलात बातम्या सांगणारी बाई अंधुक दिसत होती. चित्र होतंच, मागचा उजेड गेला होता.

"मांगच्या लाइटच्या पट्ट्या गेल्या," तो म्हणाला. "त्याच्यासाठी काच काढा लागते. काच फुटली तर माह्यी जिम्मेदारी नाही. माह्यं ऐका, नवीन घ्या."

"काच फुटू न देता काढता येत नाही का?"

"येते. पण काऊन डोकं लावता?"

मुलाला फोन केला तर तोही तेच. "आई, नवीन पाठवतो, माणूस येऊन भिंतीवर लावून देईल." आजकाल ज्याला त्याला नवीन सुचतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आवाज शाबूत, चित्र शाबूत, नुसता दिवा विझलाय आणि हे निघाले तिरडी बांधायला. निवृत्तीच्या वेळी सगळ्यांनी शाल आणि नारळ दिला होता, पण लाइनी तपासायच्या आमच्या टेस्टरूममधल्या एका जुन्या तंत्रज्ञानं आपला वीज मोजायचा मीटर दिला होता. डागणी, म्हणजे सोल्डरिंग, त्यानंच शिकवली होती, दुपारच्या निवांत वेळात. तो मीटर मी कपाटातून काढला. पूर्वीच्या टीव्हीला डोकं तरी होतं, दोन चापट्या मारता यायच्या. या चपट्याला मारणार कुठं?

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तशी मी मोबाइलवरच्या एका हिंदी बोलणाऱ्या दुरुस्तीवाल्याला शरण गेले. तो दर वाक्याला "घबराना नहीं है" म्हणायचा. टीव्ही गादीवर पालथा घातला, मागचं झाकण काढलं. स्क्रू काही लांब, काही आखूड. त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून मी मसाल्याचा डबा रिकामा केला आणि मोहरीच्या वाटीत लांब, जिऱ्याच्या वाटीत आखूड असे ठेवले. मग टीव्ही तसाच उभा करून चालू केला आणि एक हात पाठीमागे ठेवून, मीटरच्या टोकानं पट्ट्यांकडे जाणारी वीज मोजली. झटका छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे ठेवायचं, हे टेस्टरूमनंच शिकवलं होतं. आकडा शंभराच्या वर चढला आणि लगेच खाली बसला. म्हणजे बोर्ड वीज पाठवत होता, पुढं घेणारं कोणी नव्हतं. घंटी जातेय आणि पलीकडून कोणी उचलत नाही, तसलंच. एवढं तरी मला लगेच कळलं.

आता काच काढायची होती. दुरुस्तीवाला म्हणाला, "यहाँ दो लोग लगेंगे." एकानं एका बाजूनं धरायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या, कारण काचेच्या काठाला कागदासारख्या पातळ, तारांच्या फिती असतात, त्या ताणल्या की टीव्ही संपला. मी व्हिडिओ तिथंच थांबवला आणि घरात उगाच एक चक्कर मारली. दुसरं कोणी असायला दुसरं कोणी होतं कुठं? शेवटी न्हाणीतले टॉवेल अडकवायचे रबरी हुक काढले. ओले करून काचेवर दाबले की घट्ट बसतात. दोन इकडे, दोन तिकडे लावले, श्वास धरला आणि काच उचलली. पलंगाच्या एका बाजूला मऊ चादर अंथरून ठेवली होती, तिच्यावर ती निजवली आणि वरून दुसरी चादर घातली.

आत उजेड पसरवणारे पांढरे जाड-पातळ पडदे होते. ते ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं त्यांच्यावर पेन्सिलीनं आकडे टाकले. त्यांच्याखाली तीन पट्ट्या आणि पट्ट्यांवर अठरा बारीक दिवे. दोन पेन्सिल सेल जोडून एकेक लावून पाहिला. सतरा पेटले, एक पेटला नाही. त्याच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग होता. सगळे एकाच तारेत ओवलेले, म्हणून त्या एकापायी बाकीचे सतरा अंधारात बसले होते. मेलेल्या दिव्याला बगल देऊन तार जोडायचा जुगाड व्हिडिओत दाखवला होता, पण तो चार महिने टिकतो म्हणे. मला चार महिन्यांनी पुन्हा ताईंना थांबा म्हणायचं नव्हतं. मी तिन्ही पट्ट्या नव्या मागवल्या.

पट्ट्या आल्या त्या बोटभर लांब निघाल्या. परत पाठवल्या, पुन्हा मागवल्या. तीन आठवडे त्यात गेले. ते तीन आठवडे काच पलंगावर, नवरा झोपायचा त्या बाजूला, चादरीखाली पडून होती आणि मी माझ्या बाजूला काठाशी निजत होते. कूस बदलायची म्हणजे भीती. धूळ नको म्हणून खिडक्या लावलेल्या, पुढचं दार लोटलेलं. दिवेलागण झाली की कान आपोआप कडीकडे जायचे. कडी वाजत नव्हती, आणि ती वाजू नये असं मीच सांगून ठेवलं होतं.

तरी मला राग यायला लागला. माणसाचं मन असं असतं. एकदा किराणा दुकानात ताई भेटल्या. "बरं हाये ना, बाई?" एवढं विचारलं आणि साबण घेऊन निघून गेल्या. टीव्हीचं काय झालं, हा शब्द नाही. मी तिथंच ठरवून टाकलं की या बाईला मालिकेशी मतलब, माझ्याशी नाही. टीव्ही होता म्हणून मी होते. घरी येऊन मी तो मेलेला दिवा पुन्हा एकदा सेल लावून पाहिला, जसा काही आता पेटणारच होता. रागानं रडू आलं. रडले थोडी.

पण तो टीव्ही मी दुरुस्त करत होते तो त्यांनी पुन्हा सातला यावं म्हणूनच, यात मला स्वतःलाही फसवता आलं नाही. मला बातम्या नको होत्या, सिनेमा नको होता. ताई आल्या नाहीत तर मी उरलेल्या संध्याकाळी कशा काढणार होते, ते मला दिसत नव्हतं.

बरोबर मापाच्या पट्ट्या आल्या त्या दिवशी सकाळपासूनच बसले. जुन्या पट्ट्या खरवडून काढल्या, नव्या चिकटवल्या, दोन ठिकाणी डाग दिला. अठराच्या अठरा पेटले तेव्हा खोलीत इतका उजेड पडला की डोळे मिटावे लागले. पडदे आकड्यांप्रमाणे घातले. मग पुन्हा काच. यावेळी उचलून अर्ध्यात आणली आणि डावीकडचा एक हुक सुटला. काच तिरपी झाली. मी ती छातीवर आणि हनुवटीवर तोलून धरली आणि तशीच उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही.  त्या वेळी मागच्या परसातल्या ताई मनात आल्या, नाही असं नाही. हाक मारली असती तर आल्याही असत्या. पण मी म्हटलं, सुधरलेला दाखवू, उघडलेला कशाला दाखवायचा? कशीबशी काच जागेवर बसली.

दुपारी दोनला टीव्ही लावला. चित्र आलं. खालच्या कोपऱ्यात पुसटशी सावली राहिली होती, एखादा पडदा किंचित चुरगळला असेल. बाकी चित्र पहिल्यापेक्षा स्वच्छ. कोणीतरी भरल्या वांग्याची भाजी करून दाखवत होतं आणि मी उभ्यानं ती पूर्ण पाहिली. मग तोंड धुतलं, साडी बदलली आणि कळवायला निघाले.

ताईंच्या खोलीला कुलूप होतं. त्यांची घरमालकीण ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "थ्या तर गेल्या नांदुऱ्याले, भाच्याकडं. आठ दिवस झाले. खोली सोडली त्यायनं."

"सोडली?"

"भाचा कवाचाच बोलवत होता. थ्याच जात नव्हत्या. म्हनत, मह्यं बस्तान इथं जमेल हाये. आता म्हने, इथं काय राह्यलं. तुम्हाले सांगतलं नाही काय?"

मला सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी मसाल्याचा डबा घासला. जिऱ्याच्या वाटीत एक स्क्रू उरला होता, तो कुठला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दोन दिवस मी रुसून बसले. रुसायला समोर कोणी लागतं, ते नव्हतं, म्हणून तिसऱ्या दिवशी घरमालकिणीकडून पत्ता घेऊन सकाळच्या एस.टी.नं नांदुऱ्याला निघाले. राजूरचा घाट उतरला की हवा बदलते, मोताळ्यापर्यंत घामानं पाठ भिजली. मनात भांडण तयार करत होते. सहा वर्षं चहा पाजला, सांगून तरी जायचं माणसानं, असं पहिलं वाक्य ठरलं होतं.

भाच्याचं घर धान्यबाजाराच्या मागे. पुढच्या खोलीत भिंतभर टीव्ही होता आणि नातवंडं त्याच्यापुढं लोळत होती. ताई मागच्या पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. मला पाहून उठायला लागल्या, गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा बसल्या. सून पाणी देऊन गेली. भांडणाचं वाक्य काही तोंडातून निघेना.

"टीव्ही सुधरला," मी म्हटलं.

"कोनं सुधरवला?"

"मीच."

"कसा काय?"

"काच काढून."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. डागणीचा चटका अंगठ्यावर काळा पडला होता. "अन् थे सांगायले एवढ्या उन्हात आल्या?"

"कळवते म्हटलं होतं ना तुम्हाला."

ताई हसल्या, पण ते हसणं लगेच गेलं. "मले वाटलं, तुमी तसं कळवते म्हनलं," त्या म्हणाल्या.

"तसं म्हणजे कसं?"

"पोहे खाऊन लोक म्हनत नाहीत काय, कळवतो. मले नऊ घरच्यायनं पाह्यलं, बाई. सारेच कळवतो म्हनून गेले. बाप आठ-आठ दिवस वाट पाहे. मी नाही पाहो. कळवतो म्हनलं का आपल्याले कळून जाते. आपल्याकडं ज्याले खरंच सांगायचं असते थो सांगतो म्हनते. कळवतो कोन म्हनते? अन् तुमी शिकेल-सवरेल. तोंडावर येऊ नका म्हनू शकत नाही, म्हनून तसं म्हनलं असन, असं वाटलं."

मी एक्स्चेंजचं सगळं सांगितलं. ट्रंक कॉल, हेडफोन, लाइन लागली की कळवते. उंद्री गावच्या शाळेत शिकलेली मी, घरी सांगीन-सांगतो असंच बोलायचे, पण नोकरीनं माझी जीभ धुऊन इस्त्री करून टाकली होती. मी म्हटलं, "माझ्या तोंडात कळवते म्हणजे कळवतेच. तीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही." त्या ऐकत राहिल्या. "मले कसं मालूम असन थे," त्या म्हणाल्या. "आपन हे कधी बोललोच नाही."

मग मला थोडा राग आलाच. चूक माझी आहे हे दिसायला लागलं की मला राग येतो, ती जुनी खोड आहे. मी म्हटलं, "पण तुम्ही विचारायचं तरी होतं. तशाच यायचं होतं. टीव्ही नसला म्हणून काय झालं? दहा पावलं तर होती."

ताईंनी हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली आणि बोटं पदराला पुसली.

"हाव, दहाच होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या दारापासून माह्या दारापर्यंतही दहाच होती, बाई."

त्या रागानं बोलल्या नाहीत.  सुनेनं चहा आणला, आम्ही दोघी तो बशीत ओतून प्यायलो. ताईंनी भाच्याबद्दल, उकाड्याबद्दल थोडं सांगितलं. इथं टीव्हीचा रिमोट नातवंडांच्या हातात असतो, असंही म्हणाल्या. निघताना त्यांनी सोललेला लसूण कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकला आणि पडवीच्या पायरीपर्यंत आल्या.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. घाट चढेपर्यंत मी ताईंची खोली डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करत होते. त्यांचं अंथरूण कुठल्या भिंतीला असायचं, चूल होती की शेगडी, सातच्या आधी त्या कुठं बसून दिवेलागण व्हायची वाट बघायच्या. काही आठवेना. आठवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच. सहा वर्षांत मी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलेलं नाही. खोलीला खिडकी होती की नव्हती, तेही मला सांगता येणार नाही. आता तिथं दुसरं बिऱ्हाड आलंय.